वैमानिक प्रशिक्षणासाठी छोट्या व्यवसायाने मदत करायची तर पैसे कुठे लावावेत?

लेथवाला: आमचं सहा माणसांचं वर्कशॉप आहे. दरवर्षी नफ्यातला ठरावीक वाटा आम्ही बाजूला काढतो आणि यंदापासून तो वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना द्यायचं ठरलंय. कमर्शियल लायसन्सचा अख्खा खर्च झेपणारा नाही. पाच जणांना थोडं थोडं द्यावं की एकालाच? आणि चेक कोणाच्या नावाने काढायचा?

फ्लॅप१०: पाच जणांत अजिबात वाटू नका. इकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना) निकषांनुसार प्रायव्हेट लायसन्सला किमान ४० तास लागतात (मान्यताप्राप्त कोर्स असेल तर ३५), कमर्शियलला २०० (मान्यताप्राप्त कोर्समध्ये १५०). दहा-बारा तासांपुरते पैसे मिळालेला विद्यार्थी सोलोच्या, म्हणजे इन्स्ट्रक्टरशिवाय एकट्याने उडण्याच्या, तोंडावर येऊन अडकतो. तीन महिन्यांनी परततो तेव्हा फ्लेअरचा, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलण्याचा, अंदाज गेलेला असतो. नाक एकतर लवकर उचलतो आणि विमान हवेतच वेग गमावून धप्पकन बसतं, नाहीतर उशिरा उचलतो आणि पुढचं चाक आधी टेकतं. मग चार-पाच तास जुनेच धडे. आठवड्याला दोन-तीन उड्डाणं सलग होतील एवढा पैसा हाताशी असेल तरच सुरू करा.

आणि बजेट ४० तासांचं धरू नका, तो कायद्याचा किमान आकडा आहे. ५५-६० धरा, शिवाय परीक्षकाची फी वेगळी.

हॉब्स_मीटर: चेक विद्यार्थ्याच्या नावाने नको. फ्लाइंग स्कूलला द्या, पण एकरकमी आगाऊ कधीच नाही. स्कूल बुडालं की ब्लॉक अवर्सचे (आगाऊ घाऊक घेतलेल्या तासांचे) पैसे त्याच्यासोबत जातात, आणि घासाघीस करून मिळवलेली सवलत त्यापुढे काहीच नसते. पाच-पाच तासांचे हप्ते ठेवा. पुढचा हप्ता सोडण्याआधी लॉगबुकची (उड्डाणांच्या नोंदवहीची) पानं आणि स्कूलचं बिल शेजारी ठेवून जुळवा.

दर विचारताना तीन गोष्टी लेखी घ्या. दर वेट आहे की ड्राय, म्हणजे इंधन धरून की इंधनाशिवाय. बिल हॉब्सवर की टॅकोवर, हे विमानातले तास मोजणारे दोन मीटर. हॉब्स घड्याळासारखा चालतो, टॅको इंजिनाच्या फेऱ्यांवर. त्यामुळे टॅक्सीवेवर आयडलला पंधरा मिनिटं रांगेत उभं राहिलं तर हॉब्स पूर्ण पाव तास धरतो, टॅको त्याहून बराच कमी. गर्दीच्या विमानतळावर हा फरक दर उड्डाणाला बसतो. तिसरं, उड्डाणाआधी-नंतरच्या ब्रीफिंगचे पैसे इन्स्ट्रक्टर वेगळे लावतो का.

लेथवाला: निवड कशी करायची? मार्क बघून?

फ्लॅप१०: मार्कांचं नंतर बघा, आधी मेडिकल. ज्याला कमर्शियलपर्यंत जायचंय त्याने क्लास १ मेडिकल (कमर्शियलला लागणारी तपासणी) पहिल्या धड्याआधीच करावं, आणि ती फी तुम्ही भरा. क्लास २ वर प्रायव्हेट होतं, पण पुढे क्लास १ ला रंगदृष्टी किंवा हृदयाचं काही निघालं तर तोवरचा खर्च छंदापुरताच उरतो.

मेडिकल झालं की थिअरीचे पेपर. स्वतःच्या बळावर पेपर काढलेला उमेदवार निवडलात तर तुमचा पैसा फक्त हवेतल्या तासांना लागतो. माझ्या मते मुलाखतीपेक्षा ही चाळणी खरी.

हॉब्स_मीटर: विम्याचं कोणी बोललंच नाही. सोलोला विमान उसळलं आणि विद्यार्थ्याने दांडा पुढे ढकलला की पुढचं चाक आपटतं. सेस्ना १७२ या छोट्या विमानाची फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली धातूची भिंत) वाकते ती अशीच. प्रोपेलर जमिनीला लागला तर इंजिन खोलून तपासायला लागतं. विमा असला तरी सुरुवातीची ठरावीक रक्कम भरावी लागते आणि बऱ्याच करारांत ती विद्यार्थ्याच्या माथी असते. भाडेकरू वैमानिकाचा विमा मिळत असेल तर तो शिष्यवृत्तीतच धरा.

लेथवाला: आणि एकालाही पूर्ण पुरलं नाही तर?

फ्लॅप१०: मग नवा विद्यार्थी घेऊच नका, अडकलेला शोधा. स्कूलच्या चीफ इन्स्ट्रक्टरला विचारा, सोलो झालेला पण क्रॉस-कंट्रीवर (दुसऱ्या विमानतळापर्यंतचं लांबचं उड्डाण) पैशासाठी थांबलेला कोण आहे. प्रायव्हेटला ५ तास सोलो क्रॉस-कंट्री लागते, त्यात एक फेरी किमान २७० किमीची, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. ती फेरी, उजळणीचे सहा-आठ तास आणि परीक्षेच्या दिवसाचं विमानभाडं एवढं भरलंत की लायसन्स हातात पडतं. उजळणीचे तास मात्र त्याचं शेवटचं उड्डाण किती जुनं आहे ते लॉगबुकात बघूनच ठरवा.