वीज सोसायटीचा खर्च वाढतोय, सभासदाचं बिल आवरायचं कुठं? (हुक्केरी–संकेश्वर भाग, बेळगाव जिल्हा)

हिरण्यकेशी_काठ: आमच्याकडं वीज हेस्कॉमची (सरकारी वीज वितरण कंपनी) थेट नाही, 1969 पासूनच्या सहकारी संघाची. संघाची स्वतःची निर्मिती नाही. हेस्कॉमकडून घाऊक घ्यायची आणि सभासदांना द्यायची. वार्षिक अहवालात वीज खरेदीचाच आकडा सगळ्यात मोठा. मग दर ठरवणं संघाच्या हातात किती? गळती (घेतलेले आणि बिलात आलेले युनिट यांतला फरक) नेमकी मोजायची कशी? आणि सभासदानं काय केलं तर फरक पडतो? ताळेबंद आणि टीसी (गावातला ट्रान्सफॉर्मर) दोन्ही कळणाऱ्यांनी सांगावं.

ताळेबंद_वाचक: दर संघाच्या हातात नाही. संचालक मंडळानं ठराव केला म्हणून युनिटमागं पाच पैसेही हलत नाहीत. खरेदीचा दर आणि सभासदाचा दर, दोन्ही केईआरसी, म्हणजे कर्नाटकचा वीज नियामक आयोग ठरवतो. संघ वर्षाच्या खर्चाचा अर्ज करतो, तो प्रसिद्ध होतो, हरकती मागवतात, सुनावणी होते. वीज कायदा 2003 च्या कलम 64 प्रमाणे आयोगानं 120 दिवसांत निकाल द्यायचा. हरकत लेखी द्या आणि ती अमुक खर्च अमुक कारणानं मान्य करू नये अशी द्या. 'बिल परवडत नाही' एवढ्यावर आयोग काही करू शकत नाही.

संघाच्या हातात दोन गोष्टी उरतात, गळती आणि येणं. येणं म्हणजे मुख्यतः 10 एचपीपर्यंतच्या आयपी सेटचं (शेतीपंपाचं) सरकारी अनुदान, कारण त्यांची वीज फुकट आहे. कलम 65 म्हणतं, सरकारनं ते आगाऊ द्यायचं. ते तुंबलं तरी हेस्कॉमचं बिल थांबत नाही, मग कर्ज काढावं लागतं. 1 कोटी तीन महिने अडकले, तर 10 टक्के व्याजानं अडीच लाख गेले. अहवालात 'अनुदान येणे' आणि 'व्याज खर्च' हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. महाराष्ट्रातली मुळा-प्रवरा वीज सोसायटीसुद्धा आपल्यासारखीच त्याच काळातली. तिचा परवाना 2011 मध्ये गेला, म्हणून हे आकडे हलक्यात घेऊ नका.

टीसी_वाला: आता गळती. समजा खरेदी 4 रुपये युनिट. 100 घेतले आणि बिलात 85 च आले, तर विकलेलं युनिट पडलं 4.71 ला. बिलात 90 आले तर 4.44 ला. पाच टक्क्यांत 27 पैसे, आणि त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही.

मोजणी दोन टप्प्यांत करायची. सबस्टेशनवरचं 11 केव्ही फीडर (तिथून निघणारी मुख्य लाईन) मीटर वजा त्यावरच्या सगळ्या टीसी मीटरची बेरीज, ही एचटी (उच्च दाबाची) गळती. टीसी मीटर वजा त्याखालच्या आरआर नंबरांच्या (ग्राहक क्रमांकांच्या) बिलांतले युनिट, ही एलटी (कमी दाबाची) गळती. चुकतं ते इथं: फीडरचं रीडिंग 1 तारखेला आणि घरांचं 12 ला घेतात. लाईनमन लोड शेजारच्या टीसीवर टाकतो, पण नोंद बदलत नाही. टीसी मीटरची सीटी (मोठा करंट लहान करून मीटरला देणारी) असते 200/5 ची, म्हणजे रीडिंगचा गुणक 40, आणि वहीत 20 लिहिलेला असतो. मग युनिट निम्मे दिसतात आणि गळतीऐवजी 'फायदा' निघतो. वजा गळती दिसली की आधी गुणक तपासा.

बहुतेक आयपी सेटला मीटर नसतात, वापर अंदाजानं धरतात. गळती लपवायला यापेक्षा सोयीची जागा नाही. म्हणून मोटारींचा फीडर वेगळा आणि त्यावरच्या टीसीला मीटर, एवढा आग्रह सभेत धराच.

टीसीवर टाँग टेस्टर (तारेला चिमटा लावून करंट मोजायचं यंत्र) लावून तिन्ही फेज बघा. 63 केव्हीएच्या टीसीला पूर्ण लोड साधारण 84 अँपिअर, 100 ला 133, 25 ला 33. एका फेजवर 110 आणि दुसऱ्यावर 50 असेल तर न्यूट्रल तापतो, व्होल्टेज पडतं. घरांच्या सर्व्हिस वायरी तिन्ही फेजवर सारख्या वाटल्या की काम होतं, खर्च शून्य. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, पाणी घाला. टीसीतलं ओल शोषणारं सिलिका जेल निळ्याचं गुलाबी झालं असेल तर बदला.

ऊसपट्टा: टीसी जळतात ते मोटारींनी. ऑटो स्टार्टरमुळं (मोटार आपोआप चालू करणारा) थ्री फेज येताच सगळ्या मोटारी एकदम उठतात. सिंगल फेजच्या वेळेत कंडेन्सर लावून मोटार चालवणं तर टीसीचा काळच.

थ्री फेजच्या मोटारीला मात्र पॉवर फॅक्टर (घेतलेल्या करंटचा कामी येणारा वाटा) सुधारायला कपॅसिटर लावा: 3 एचपीला 1 केव्हीएआर (कपॅसिटरचं माप), 5 ला 2, साडेसातला 3, 10 ला 4. डीओएल (साध्या, थेट चालू करायच्या) स्टार्टरच्या मोटारीकडच्या बाजूला जोडायचा, म्हणजे मोटारीबरोबर तो बंद होतो. 5 एचपीचा साडेसात अँपिअरचा करंट साडेसहाच्या आसपास येतो, म्हणून ओव्हरलोड रिले (जास्त करंटला मोटार बंद करणारा) तेवढा खाली आणायचा. हे विसरलं तर संरक्षणच जातं. पॉवर फॅक्टर 0.7 वरून 0.9 झाला तर त्याच तारांतली गळती सुमारे 40 टक्के घटते. मोटारीची वीज फुकट आहे, मग कशाला खर्च, असं बरेच म्हणतात. ऐन पाण्याच्या आठवड्यात टीसी जळल्यावर तेच ऑफिससमोर उभे असतात.

हिरण्यकेशी_काठ: समजलं अण्णा. आणि घरचं बिल?

ताळेबंद_वाचक: स्थिर आकार मंजूर किलोवॅटवर असतो. घरात 1 किलोवॅटचा वापर आणि मंजुरी 3 ची असेल तर लोड कमी करायचा अर्ज द्या. गृहज्योतीत (कर्नाटक सरकारची घरगुती मोफत वीज योजना) 2022-23 ची महिन्याची सरासरी अधिक 10 टक्के एवढे युनिट माफ; सरासरी 48 युनिटांच्या आत असेल तर 10 टक्क्यांऐवजी 10 युनिट. त्यावरचे, पण 200 पर्यंतचे, भरायचे. 200 ओलांडले की सगळं बिल आपलं, त्यामुळं 195 ला आलात की गीझर आवरा. आणि मध्येच मोठी रक्कम दिसली तर आधी 'अतिरिक्त सुरक्षा ठेव' लिहिलंय का बघा. ती दरवाढ नाही, तुमचीच ठेव आहे. वर्षाचं व्याज बिलात वळतं झालं का, तेवढं मात्र तपासा.