ड्रोनने हापूस? आधी पेटी उचलून दाखवा!

खाडीकाठचा : कालची एक पोस्ट वाचून डोकं फिरलं. म्हणे, दोन-तीन वर्षांत दाभोळच्या फेरीबोटीची गरजच संपेल. आंबा, मासळी, औषधं, सगळं ड्रोनने खाडी ओलांडेल. लिहिणारा बहुतेक ठाण्यात बसलाय. पाच डझनी पेटीत पाव किलोचं फळ धरलं तरी 15 किलो झाले, वर लाकूड नि गवत वेगळं. 2021 च्या नियमांत 'लहान' ड्रोन मालासकट 25 किलोला संपतो. मग यंत्र आणि बॅटरी कशात बसवणार? फेरीत माणसं आणि गाड्या दोन्ही चढतात.

गुहागरी : पोस्ट माझी आहे आणि मी गुहागरातच राहतो. तुम्ही पेटीवरच अडकलात. 2021 मध्येच मणिपुरात लोकटक सरोवरातल्या करांग बेटावर लशी ड्रोनने गेल्या, आपल्याकडे जव्हारहून झाप गावाला गेल्या. रवांडात 2016 पासून रक्ताच्या पिशव्या जातायत. माझ्या काकीला फुरसं डसलं तेव्हा केंद्रात सर्पदंशाची लस संपलेली. रात्रीची फेरी बंद, चिपळूणपर्यंत ती वळणं, पाय ढोपरापर्यंत सुजलेला. तिच्यासमोर येऊन 15 किलोचा हिशोब मांडा.

सिस्टरबाई : काकींचं वाईट वाटलं. पण लस म्हणजे क्रोसिन नव्हे. सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या सलाईनमधून द्याव्या लागतात, रिअॅक्शन आली तर सांभाळायला डॉक्टर समोर लागतो. तोही ड्रोनमधून उतरणार का? आधी रिकामी पदं भरा.

देवगडचो : ऱ्हवांदे ता ड्रोन. कर्नाटकातलो आंबो देवगडच्या खोक्यात भरून वाशीत इकतत, त्येच्यावर कोण बोलणत नाय. 2018 साली हापूसाक जीआय, म्हंजे मूळ जागेच्या नावाचो कायदेशीर हक्क, गावलो, उपेग काय?

पावसकर : बोलतो ना! ती रिकामी खोकी वाशीला पोचतात कशी? तुमच्याच गाववाल्यांनी विकल्याशिवाय? आमच्या रत्नागिरीच्या नावावर तुम्ही किती वर्षं माल खपवलात तेही सांगा.

देवगडचो : तोंड सांभाळून बोल. पुराव्याशिवाय गाववाल्यांचा नाव घेव नको.

अलिबागकर : जीआय पाच जिल्ह्यांना आहे, रायगडलाही. भांडणात आम्हाला विसरू नका.

पावसकर : आला तिसरा!

गुहागरी : अहो, विषय ड्रोनचा आहे. सिस्टर, डॉक्टर हवाच, मान्य. पण डॉक्टर आहे आणि कुपी नाही, अशी रात्र आम्ही काढलीय.

खाडीकाठचा : बरं बाबा, लशी आणि तपासणीचे नमुने न्या उडवत. फक्त जून ते सप्टेंबर सोडून, कारण आडव्या पावसात तुमचं यंत्र थेट समुद्रात जाईल. आणि साप जास्त चावतात ते नेमके त्याच महिन्यांत, तेव्हा फुरश्यांना तसं कळवून ठेवा.

गुहागरी : पावसात तुमची फेरी तरी रोज चालते का?

देवगडचो : पावसकरानू, खोक्यांचो पुरावो खंय?