रेटिंग वेगळं, इशारा वेगळा

फॅनफिक्शनला, म्हणजे आवडत्या पुस्तक-सिनेमांतल्या पात्रांवर चाहत्यांनी लिहिलेल्या कथांना, 'फक्त प्रौढांसाठी' एवढा एक शिक्का पुरे, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. शृंगार आणि रक्तपात एकाच पोत्यात कोंबले तर वाचकाला कळणार काय?

आर्काइव्ह ऑफ अवर ओन या फॅनफिक्शनच्या संकेतस्थळावर म्हणूनच दोन रकाने आहेत. मजकूर किती उघड आहे ते रेटिंग सांगतं: जनरल, टीन, मॅच्युअर, एक्स्प्लिसिट. आत नेमकं काय आहे ते इशारे सांगतात: अंगावर येणारी हिंसा, बलात्कार, मुख्य पात्राचा मृत्यू वगैरे. त्यामुळे एकही चुंबन नसलेल्या 'टीन' कथेवरही मृत्यूचा इशारा असू शकतो. खरी मेख पुढे आहे. 'लेखकाने इशारे न वापरायचं ठरवलं आहे' असाही एक पर्याय असतो. बरेच जण त्याचा अर्थ 'आत काही नाही' असा घेतात. अर्थ नेमका उलटा: आत काहीही असू शकतं, आपल्या जबाबदारीवर वाचा. मीही तसाच फसलो. तिसऱ्या प्रकरणात लाडक्या पात्राचे हाल वाचून मोबाइल पालथा ठेवला.

फॅनफिक्शन डॉट नेट या दुसऱ्या संकेतस्थळाने २००२ मध्ये एनसी-१७, म्हणजे फक्त प्रौढांसाठीच्या, कथा बंदच केल्या. पुढे रेटिंगसाठी लहान मुलांपासून मोठ्यांपर्यंत चढत्या क्रमाने के, के प्लस, टी, एम अशी अक्षरं आली. 'एम'च्या वरचं तिथे नियमाने चालत नाही, मग लेखक ओढूनताणून सगळं 'एम'मध्ये बसवतात. तेव्हा तिथे अक्षरापेक्षा कथेचा गोषवारा आणि सुरुवातीची टीप आधी वाचा.