आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? अनुक्रमणिका हाताने टाइप करा म्हणणाऱ्यांना

पानामागचं_पान
काल टिंबटिंब यांनी लिहिलं की वर्डची ऑटोमॅटिक अनुक्रमणिका म्हणजे निव्वळ डोकेदुखी, शहाण्या माणसाने ती सगळ्यात शेवटी हातानेच टाइप करावी, नाव, मग टिंबं, मग पान नंबर, दहा मिनिटांत काम संपतं. खाली बऱ्याच जणांनी "अगदी बरोबर" लिहिलंय. मला रात्रभर ते डोक्यातून जाईना म्हणून इथे लिहिते.

मी दुसऱ्यांचे अहवाल आणि प्रबंध छपाईआधी नीट लावून देते. मागे एक दोनशे बारा पानांची फाइल आली, अनुक्रमणिका हाताने टाइप केलेली, सत्तरेक नोंदी. लेखकाने आदल्या संध्याकाळी तिसऱ्या प्रकरणात एक नकाशा टाकला आणि मला न सांगता थेट छपाईला दिली. नकाशामुळे पुढचं सगळं दोन पानं सरकलं. तिसऱ्या प्रकरणानंतरचा एकही नंबर बरोबर नाही, आणि प्रती बांधून झालेल्या. तो माणूस माझ्यासमोर एकेक नोंद बोट ठेवून तपासत बसला होता, ते मला अजून आठवतं.

वर्ड अनुक्रमणिका "बनवत" नाही हो, ते फक्त गोळा करतं. हेडिंग १, हेडिंग २, हेडिंग ३ या स्टाइल (वर्डमधले मांडणीचे तयार साचे) जिथे लावल्यात तिथला मजकूर उचलतं आणि त्या त्या पानाचा नंबर लावतं, एवढंच. तुम्ही शीर्षक नुसतं बोल्ड करून फॉन्ट १६ केलात तर डोळ्याला ते शीर्षक दिसतं, वर्डला तो साधा परिच्छेदच दिसतो. मग अनुक्रमणिका रिकामी आली की शिव्या वर्डला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शीर्षकावर कर्सर ठेवून हेडिंग १ साठी कंट्रोल + ऑल्ट + १ दाबायला एक सेकंद लागतो.

टिंबटिंब
माझंच नाव घेऊन धागा काढलाय तर उत्तर देतो. ताई, तुमच्याकडे फाइल येते तेव्हा तुम्हाला आठवडा असतो. माझ्याकडे माणूस येतो तेव्हा त्याच्या हातात तास असतो. फाइल चार जणांनी मिळून लिहिलेली, प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा, त्यात मी हेडिंग १ लावलं की शीर्षक निळं होतं, साइज बदलतो, वरची जागा बदलते, आणि समोरचा म्हणतो हे काय केलंत, माझं होतं तसं करून द्या.

आणि मी करून बघितलं नाही असं समजू नका. मुख्य प्रकरणांची नावं ठळक केली, उपप्रकरणं आत सरकवली, अर्धा तास घालवला, अपडेट करायला एफ९ दाबलं आणि सगळं पुसलं गेलं. एकदा नाही, तीनदा. आणि एकदा तर छापून आल्यावर बघतो तर पान नंबरच्या जागी प्रत्येक ओळीत "एरर! बुकमार्क नॉट डिफाइन्ड". माझी मान खाली गेली त्या दिवशी. माझी टिंबं कधी एरर देत नाहीत.

पानामागचं_पान
तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यात. फॉरमॅटिंग पुसलं गेलं कारण तुम्ही ते अनुक्रमणिकेतल्या ओळींवर केलंत. "अपडेट एन्टायर टेबल" म्हणलं की ती यादी मुळापासून नव्याने तयार होते, हाताने केलेलं काही उरत नाही. त्या ओळींना टीओसी (टेबल ऑफ कंटेन्ट्स, म्हणजे अनुक्रमणिका) १, टीओसी २, टीओसी ३ अशा स्वतःच्या स्टाइल असतात, बदल तिथे करायचा. रेफरन्सेस, टेबल ऑफ कंटेन्ट्स, कस्टम, मग मॉडिफाय. तिथे फॉरमॅट्समध्ये "फ्रॉम टेम्प्लेट" निवडलेलं नसेल तर मॉडिफायचं बटण करडं राहतं, नव्वद टक्के लोक तिथेच हात टेकतात. एकदा तिथे ठळक केलंत की हजार वेळा एफ९ दाबा.

तो एरर का आला तेही सांगते. प्रत्येक शीर्षकाला वर्ड एक लपलेला बुकमार्क, म्हणजे जागेची खूण, लावतं आणि पान नंबर त्याला विचारून आणतं. तुम्ही अनुक्रमणिका कापून दुसऱ्या फाइलमध्ये नेली होती का? मुखपृष्ठ, मनोगत, अनुक्रमणिका वेगळी फाइल, प्रकरणं वेगळी? तिथे ते बुकमार्क नाहीतच, मग नंबर कोणाला विचारणार. छापताना आपोआप अपडेट करायचा पर्याय चालू असेल तर स्क्रीनवर सगळं ठीक आणि कागदावर एरर, असं होतं.

टिंबटिंब
हो, वेगळी फाइल केली होती. पण हे मला कुठे लिहिलेलं दिसायला हवं होतं? एरर मध्ये तर काहीच कळत नाही.

मुद्रितशोधक
मूळ वादात नंतर येतो, आधी एक विनंती. कालच्या त्या लेखात टिंबटिंब यांनी सहा वेळा "इंडेक्स" लिहिलंय आणि सहाही वेळा त्यांना अनुक्रमणिका म्हणायचंय. इंडेक्स म्हणजे सूची! पुस्तकाच्या शेवटी, अकारविल्हे, कोणता शब्द कोणत्या पानांवर आलाय ते. अनुक्रमणिका पुढे असते, प्रकरणांच्या क्रमाने. पंचवीस वर्षं प्रूफं वाचतोय, हा गोंधळ दर आठवड्याला बघतो.

जुना_कीबोर्ड
काय फरक पडतो शोधक साहेब? शाळेच्या वहीच्या पहिल्या पानावर इंडेक्सच छापलेलं असायचं, आपण तेच म्हणत मोठे झालो. लोकांना कळतंय ना काय म्हणायचंय ते.

मुद्रितशोधक
लोकांना कळतं, वर्डला कळत नाही, म्हणून फरक पडतो. माझ्या भाचीने रेफरन्सेस टॅबवर जाऊन "इन्सर्ट इंडेक्स" दाबलं आणि समोर आलं "नो इंडेक्स एन्ट्रीज फाउंड". तिने सगळ्या शीर्षकांना स्टाइल बरोबर लावल्या होत्या! दोन दिवस ती पोरगी स्टाइल काढून परत लावत बसली. सूचीसाठी प्रत्येक शब्दाला ऑल्ट + शिफ्ट + एक्स करून खूण करावी लागते, हेडिंग स्टाइलचा तिथे काही संबंधच नाही. चुकीच्या शब्दाने दोन दिवस गेले.

जुना_कीबोर्ड
मग वर्डसारख्याच त्या फुकटच्या लिबरऑफिसचं काय? तिथे अनुक्रमणिकेवर राइट क्लिक करा, मेनूत "अपडेट इंडेक्स" येतं. "एडिट इंडेक्स", "डिलीट इंडेक्स". अनुक्रमणिकेलाच! ज्यांनी सॉफ्टवेअर लिहिलं तेच इंडेक्स म्हणतात आणि तुम्ही टंकणाऱ्या माणसाला धारेवर धरता.

मुद्रितशोधक
त्यांनी चूक केली म्हणून आपणही करायची?

निळी_शाई
यात अजून एक भर. हिंदीत पुस्तकाच्या पुढे असते ती विषयसूची, आणि इंडेक्सला अनुक्रमणिका म्हणतात. म्हणजे मराठीच्या बरोब्बर उलट. मी दोन्ही भाषांत काम करते, मेनू हिंदीत ठेवला होता तेव्हा "अनुक्रमणिका" बघून तिथेच क्लिक केलं होतं. तेव्हा शोधक साहेबांचं दुखणं मला कळतं पण नुसतं "मराठीत बरोबर बोला" म्हणून ते सुटत नाही.

मुद्रितशोधक
हे हिंदीचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. ठीक, मान्य. पण मराठीत लिहिताना तरी अनुक्रमणिका म्हणा, एवढं म्हणणं सोडणार नाही.

जुना_कीबोर्ड
नका सोडू. मी इंडेक्सच म्हणणार.

लेटेकप्रेमी
सगळे वर्डमध्येच का अडकलाय? लेटेकमध्ये (कमांड लिहून पानं लावायचं सॉफ्टवेअर) एक कमांड लिहायची, प्रकरणं आणि उपविभाग आपोआप येतात, टिंबं आपोआप, मांडणी कधी हलत नाही. मी दहा वर्षांत अनुक्रमणिकेवर एक मिनिट घालवलेलं नाही.

टिंबटिंब
तासाभरात फाइल हवी असलेल्या माणसाला मी आधी कमांड शिकवू का? आणि तुमच्या लेटेकमध्ये पण दोनदा चालवावं लागतं ना, पहिल्यांदा अनुक्रमणिका रिकामीच येते. मला सांगताय होय.

लेटेकप्रेमी
दोनदा चालवावं लागतं हे खरं आहे, पहिल्या फेरीत शीर्षकं वेगळ्या फाइलमध्ये लिहिली जातात आणि दुसऱ्या फेरीत वाचली जातात. पण तुमचा अर्धा तास तीनदा वाया गेला त्यापेक्षा ते बरं.

पानामागचं_पान
कृपा करून सॉफ्टवेअर बदलायचा सल्ला इथे नको. ज्याच्यावर वेळ आलीय तो वर्डमध्येच आहे, त्याला आत्ता मदत हवी. आणि टिंबटिंब, तुम्ही पण जरा शांतपणे घ्या, कोणी तुमची पोटापाण्याची विद्या काढून घेत नाहीये.

टिंबटिंब
शांतपणे? धाग्याचं नाव वाचा तुमच्याच. पोहऱ्यात कुठून येणार म्हणे. मी पंधरा वर्षं टायपिंग करतोय, आणि चार ओळींत मला अडाणी ठरवलंत.

पानामागचं_पान
अडाणी म्हणलं नव्हतं, तसं वाटलं असेल तर माझी चूक, माफ करा. म्हण शीर्षकांबद्दल होती. पण हाताने टाइप करा हा सल्ला चूक आहे यावर मी ठाम आहे, कारण तो वाचून उद्या दुसऱ्या कोणाच्या दोनशे प्रती वाया जातील.

रात्रपाळी
भांडण चालू आहे त्यात घुसतोय, सॉरी. माझी फाइल सकाळी द्यायचीय. अनुक्रमणिकेत २.३ ची ओळ आहे तिथे शीर्षकाच्या पुढे सगळा परिच्छेदच आलाय, आठ ओळी, आणि शेवटी पान नंबर. स्टाइल हेडिंग २ च आहे, बाकीची हेडिंग २ नीट येतायत. डिलीट करून टाकला अनुक्रमणिकेतून तर एफ९ नंतर परत येतोय.

पानामागचं_पान
तिथून डिलीट करून उपयोग नाही, मूळ जागी जा. होम टॅबवरचं परिच्छेदाच्या खुणा दाखवणारं बटण दाबा, किंवा कंट्रोल + शिफ्ट + ८. शीर्षकाच्या शेवटी काय खूण दिसते? उलटा पी की वाकडा बाण?

रात्रपाळी
वाकडा बाण. बाकीच्या शीर्षकांना उलटा पी आहे.

पानामागचं_पान
मग तेच. तुम्ही तिथे शिफ्ट + एंटर दिलंय, बहुतेक खाली जागा कमी सुटावी म्हणून. त्याने नुसती ओळ तुटते, परिच्छेद संपत नाही. म्हणजे वर्डच्या हिशेबाने शीर्षक आणि खालच्या आठ ओळी मिळून एकच परिच्छेद, आणि त्या सगळ्याला हेडिंग २. मजकूर साधा दिसतोय कारण त्याचा फॉन्ट कोणीतरी हाताने बदललाय. बाण पुसून साधं एंटर द्या, खालच्या परिच्छेदाला नॉर्मल स्टाइल द्या, मग एफ९ आणि "अपडेट एन्टायर टेबल". नुसतं "पेज नंबर्स ओन्ली" केलंत तर तो मजकूर तसाच राहील. जागा कमी हवी तर हेडिंग २ च्या स्टाइलमध्येच स्पेसिंग आफ्टर कमी करा, सगळीकडे सारखं होईल.

रात्रपाळी
गेला! दोन तास यात घातले होते. खूप आभार.

निळी_शाई
स्टाइल नॉर्मल असूनही परिच्छेद येत असेल तर पॅराग्राफच्या खिडकीत आउटलाइन लेव्हल बघा. तिथे बॉडी टेक्स्टऐवजी लेव्हल १ वगैरे असेल तरी वर्ड त्याला उचलतं. दुसरीकडून पेस्ट केलेल्या मजकुरात हे हटकून असतं.

जुना_कीबोर्ड
हेच तर मी म्हणणार होतो त्या इंडेक्सच्या वादात राहिलं. वर्डपरफेक्टमध्ये, त्या जुन्या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, ऑल्ट + एफ३ दाबलं की खाली सगळे कोड उघडे दिसायचे, बोल्ड कुठे सुरू, कुठे संपलं, ओळ कुठे तुटली. काही लपवलेलं नाही. वर्डने सगळं पोटात ठेवलं म्हणून माणसं हाताने टिंबं टाइप करायला लागली. दोष टिंबटिंबचा नाही.

पानामागचं_पान
यात तथ्य आहे. शिफ्ट + एफ१ ने फॉरमॅटिंग दिसतं, ऑल्ट + एफ९ ने अनुक्रमणिकेमागचा कोडही दिसतो, पण ते कोणी सांगितल्याशिवाय सापडत नाही.

टिंबटिंब
एक विचारतो, वाद म्हणून नाही. आज एक फाइल आहे, त्यात आधीच कोणीतरी ऑटोमॅटिक केलेली आहे. बाइंडिंगसाठी डावं मार्जिन अडीचवरून ३.८ सेंमी केलं तर अनुक्रमणिकेतले पान नंबर उजवीकडे मार्जिनच्या बाहेर गेले. अपडेट करूनही आत येत नाहीत. हाताने केलं असतं तर टिंबं कमी केली असती.

पानामागचं_पान
ए४ कागद २१ सेंमीचा. दोन्हीकडे अडीच होतं तेव्हा मजकुराची रुंदी १६, आणि कोणीतरी टीओसी १ स्टाइलमध्ये उजवा टॅब (पान नंबर जिथे येऊन थांबतो ती जागा) १६ वर ठोकून ठेवलाय. आता रुंदी उरली १४.७, टॅब तिथेच. टीओसी १ मॉडिफाय करा, फॉरमॅट, टॅब्ज, १६ चा क्लिअर करा, १४.७ वर राइट अलाइनमेंटचा नवा द्या, लीडरमध्ये (टॅबपर्यंतची मोकळी जागा कशाने भरायची ते) टिंबांचा पर्याय निवडा. टीओसी २ आणि ३ ला पण तेच.

टिंबटिंब
झालं. तिन्ही सरळ रेषेत आले. टिंबं मोजावी लागली नाहीत.

चार-पाच पानांच्या कामाला मी हातानेच करणार, ते बदलणार नाही. मोठ्या फाइलला हे करून बघेन. आणि कालच्या लेखात वर एक ओळ टाकतो, की पानं अजून हलणार असतील तर हाताने करू नका.

मुद्रितशोधक
ती ओळ टाकताना सहा ठिकाणचं इंडेक्सही दुरुस्त करा.

टिंबटिंब
पाच केलेत. सहावं कुठे आहे?

मुद्रितशोधक
शीर्षकात.