जलरंगात हिमशिखराची सावली कोऱ्या कागदात विरवायची कशी? (मदत हवी आहे)

नमस्कार. ३०० जीएसएमच्या (म्हणजे दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या, जाड) सुती, कोल्ड प्रेस (किंचित खडबडीत पोताच्या) कागदावर हिमशिखरांचे जलरंगचित्र करत आहे. पांढरा रंग अजिबात वापरायचा नाही, बर्फ कोऱ्या कागदानेच दाखवायचा, असे ठरवले आहे.

आकाशाची अडचण नाही. क्षितिजाकडचा फिकट पिवळा आणि वरचा निळा एकमेकांना भिडले की हिरवट पट्टा येतो, म्हणून मध्ये गुलाबीचा पातळ वॉश (पाणीदार रंगाचा सपाट थर) घेतला आहे. प्रश्न आहे तो मुख्य शिखराच्या सावलीतल्या उताराचा. धारेवर, म्हणजे शिखराच्या वरच्या कडेवर, सावलीची कडा रेखीव हवी. मात्र तीच सावली खाली उतरताना निळ्यातून जांभळटाकडे जाऊन, कुठे संपली हे कळणार नाही अशा रीतीने कागदात विरायला हवी. कोरड्या कागदावर रंग लावून खालची कडा ओल्या ब्रशने ओढली, तर अर्धवट सुकलेल्या रंगात पाणी घुसून फुलकोबीसारखे डाग उमटतात. संपूर्ण उतार आधी ओला केला, तर धार पसरते.

शिवाय, अल्ट्रामरीन हा निळा रंग कागदावर दाणेदार बसतो. बर्फाच्या सावलीत तो पोत शोभेल, की कोबाल्ट ब्लू घ्यावा? मास्किंग फ्लुइड (कागदाचा भाग रंगापासून झाकून ठेवणारे, नंतर सोलून काढायचे द्रव) कृपया सुचवू नये. त्याने धार राखता येते, पण माझी अडचण सावली विरवण्याची आहे.

प्रतिसाद:

ओलाव्याचा क्रम उलटा करून पाहावा. जिथे सावली संपायची आहे तो खालचा भागच स्वच्छ पाण्याने आधी ओला करावा, धारेजवळचा पट्टा कोरडा ठेवावा, आणि कागदावरची चकाकी मावळू लागली की धारेपासून रंग खाली आणत त्या ओलाव्याला भिडवावा. ब्रशमध्ये कागदापेक्षा कमी पाणी असले पाहिजे. बहुतेक डाग हे न पाळल्यानेच पडतात. दुसरा थर देण्यापूर्वी कागदाला पालथा हात लावावा. गार लागला तर तो अजून ओला आहे.

सावलीतल्या बर्फावर थेट ऊन नसते, आकाशाचा प्रकाश असतो, म्हणून सावली निळी दिसते. शेजारच्या उन्हातल्या बर्फाचा उजेड जिथे परावर्तित होतो, तिथे ती किंचित उबदार होते. जांभळट छटा तिथेच आणावी, सगळीकडे नको. जवळच्या उतारावर अल्ट्रामरीनचे दाणे मला आवडतात, दूरच्या रांगांना कोबाल्ट बरा. मिश्रण डोळ्यांना हवे त्याहून थोडे गडद ठेवावे, कारण जलरंग सुकल्यावर फिकट होतो.