पतवंडांसाठी वाकळ शिवायचीय, पण घरातली सुती लुगडी संपली. आता काय वापरू?

वाईची_आजी

नमस्कार मंडळी. मी वाईची, वय ७४. हे लॉगिन नातीने काढून दिलंय आणि मी बरंचसं फोनला बोलूनच टाइप करतेय, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. प्रश्न वाकळीचा आहे, म्हणजे पुण्यामुंबईकडे गोधडी म्हणता ती.

आमच्या घरात जो येतो त्याला माझ्या हातची वाकळ मिळते, नियम कुणी केला नाही पण पडून गेलाय. तीन मुलं, सात नातवंडं, सुना, जावई सगळ्यांना झाली. जावयाला तर दोन शिवाव्या लागल्या कारण पहिली त्याच्या आईने ठेवून घेतली आणि वर निरोप पाठवला की फार छान आहे हो. आता एकदम दोन पतवंडं येतायत. एक नातवाकडे, नातसून केरळची आहे, दोघं पुण्यात असतात, आणि दुसरं नातीकडे नेदरलँडला आयंधोवनमध्ये.

तर मी हौसेने ट्रंक उघडली आणि ट्रंकेचा तळच दिसला. माझ्या आईची नऊवारी, ह्यांची धोतरं, जुने पंचे सगळं वाटून झालं. सुनांकडे जुन्या साड्या मागितल्या तर निघाल्या सगळ्या सिंथेटिक नाहीतर लग्नाकार्यातल्या सिल्क, रोजचं म्हणाल तर लेगिंग आणि ते ताणलं जाणारं कापड, सुई घातली की भोक पडतं आणि टाका ओढला की गोळा होतं. म्हणजे माणसं वाढली आणि लुगडी संपली अशी गत. थोरली सून म्हणते आई आता कशाला डोळे फोडता, एवढी मऊ ब्लँकेट मिळतात. तिचं चुकीचं नाही, ती काळजीपोटीच बोलते, पण मला गप्प बसवत नाही.

खरं सांगू का, शिवण्यापेक्षा मला मांडण्यात मजा येते. दुपारी सगळं आवरलं की सोप्यात फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्यायची, पदर अंथरायचे, कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता जे हाताला लागेल ते ठेवायचं आणि मग ठरवायचं की कुणाचं काय कुणाच्या अंगाला लागणार. माझं सासूबाईंशी जन्मभर कधी पटलं नाही पण त्यांचं डाळिंबी इरकल मी सातही नातवंडांत वाटलंय, वीतभर का होईना प्रत्येकाच्या काठाला आहेच. त्यांना कळलं असतं तर म्हणाल्या असत्या, आधी विचारायचं तरी!

तर विचारायचं हे की नवीन कापड आणून वाकळ होते का, आणि होत असेल तर कुठलं आणू. सिंथेटिक साड्या निदान पोटात भरल्या तर चालतील का. नेदरलँडची म्हणते आजी मशीनमध्ये धुता येईल अशी शिव, ते कसं जमवायचं. आणि दोरा ओवायला फार वेळ जातो हो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय तरी नेढं काही दिसत नाही.

टाकेवाली_मृणाल

आजी, आधी पटकन उत्तर देते. नवीन कापडाची होते, सिंथेटिक पोटात नको.

आता सविस्तर. सुती कापड धुतल्यावर आटतं, सिंथेटिक आटत नाही, त्यामुळे दोन्ही एकत्र शिवलं की पहिल्याच धुण्यात वरचा पदर आखडतो, आतला तसाच राहतो आणि सगळीकडे फुगे नि चुण्या. शिवाय आत साड्या सरकत राहतात, टाके कितीही घाला. आणि बाळाला घाम आला तर तो शोषला जात नाही हे वेगळंच. त्या सिंथेटिक साड्या पायपुसणी करायला ठेवा, चांगली टिकतात.

नवीन आणायचं तर वरून मलमल किंवा केंब्रिक घ्या. मांजरपाट मोठ्या माणसाच्या गोधडीला चालेल, बाळाला फार खरखरीत. आणलं की शिवायच्या आधी दोनतीनदा गरम पाण्यात धुवायचंच, खळ जाते, आटायचं तेवढं आटून घेतं आणि रंग जाणार असेल तर तेही तेव्हाच कळतं. पांढरं ओलं फडकं घासून बघा, डाग आला तर ते कापड बाळाला नाही म्हणजे नाही. आतल्या पदरांना जुन्या सुती चादरी शोधा, नातवंडांकडे असतीलच, फक्त त्या हॉटेलसारख्या गच्च विणीच्या नकोत, सुई जाता जात नाही आणि बोटं दुखून येतात.

माप तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत, तरी इतर वाचणाऱ्यांसाठी लिहून ठेवते. नऊवारी साधारण सव्वाआठ मीटर, त्यात मोठ्या माणसाच्या एकेरी गोधडीचे सव्वादोन मीटरचे तीन पदर निघून वर जवळजवळ दीड मीटर उरतं. नेहमीची साडी साडेपाच मीटर धरली तर ९० सेंटिमीटरचे सहा तुकडे निघतात, म्हणजे एका जुन्या सुती साडीत बाळाची अख्खी गोधडी आणि तीही सहा पदरी. तेव्हा दोन बाळांना दोनच साड्या हव्यात, ट्रंकभर नकोत!

दोऱ्याचं असं करा. रविवारी कुणी नातवंड आलं की त्याला बसवून एकाच रिळाच्या दोऱ्यात दहाबारा सुया एकामागोमाग ओवून ठेवायच्या. लागेल तशी एक सुई पुढे ओढायची, हातभर दोरा घेऊन कापायचा, बाकीच्या मागे सरकवायच्या. आठवडाभर डोळ्याला ताण नाही. सुया आखूड पण मोठ्या नेढ्याच्या घ्या. दोरा सुतीच, पॉलिस्टरचा दोरा मऊ जुन्या कापडाला कापत जातो असा माझा अनुभव.

डॅलसकर

मृणालताईंना +१. आजी, माझ्याकडून परदेशी बाजू.

इथे आमच्या बाळाच्या वेळी आईने नागपूरहून गोधडी आणली, मोठ्या माणसाची, आठ पदरी! बॅगेत ती आणि दोन डबे चिवडा, बाकी जागाच नाही. कोरडी असताना मशीनमध्ये जेमतेम बसली पण सुती कापड पाणी केवढं पितं, स्पिनला मशीन घरभर नाचायला लागलं आणि बायको त्याला मिठी मारून उभी. तेव्हा नेदरलँडच्या नातीला तीन, फार तर चार पदर करा आणि आकार लहान ठेवा. तिकडे हिवाळ्यात ऊन नसतं, घरातच वाळवायचं असतं, सहा पदर आतून ओले राहिले तर कुबट वास येतो तो जाता जात नाही.

दुसरं, हे जरा नाजूक आहे पण सांगतो. इकडचे डॉक्टर पहिलं वर्षभर बाळाच्या पाळण्यात सुटं पांघरूण, उशी काही ठेवू देत नाहीत, अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा तसा स्पष्ट सल्ला आहे, तोंडावर येऊन श्वास कोंडायची भीती असते म्हणून. युरोपातही सुट्या पांघरुणाबद्दल खबरदारी सांगतातच. तर नातीने बाळ झोपताना तुमची गोधडी बाजूला ठेवली तर वाईट वाटून घेऊ नका. जागं असताना जमिनीवर पालथं घालायला, मांडीवर घ्यायला गोधडीसारखं दुसरं काही नाही. आमची पोरगी त्याच्यावरच पालथी पडायला शिकली, इथल्या फोमच्या मॅटवर रडायची.

घाटावरचा

बाकी तांत्रिक मला कळत नाही पण वाई म्हटल्यावर राहवलं नाही. घट बसायच्या आधी सगळ्या वाकळा घेऊन बायका कृष्णेवर जायच्या आणि आम्ही पोरं मागून, एक वाकळ पिळायला चौघं लागायचे, दोन टोकांना दोघं दोघं, आणि वाळत टाकलेल्या वाकळांच्या मधून पळापळी. हॉस्टेलला मी आजीची वाकळ नेली होती, पहिल्या वर्षी रूममेट हसले आणि जानेवारीत त्यातलाच एक पांघरून झोपलेला सापडला. आजी तुम्ही शिवाच.

प्रॅक्टिकल_पुणेकर

थोडं वेगळं मत. जुन्या साड्या दिल्या की मशीनवर क्विल्टिंग करून गोधडी शिवून देणारे पुण्यात खूप आहेत आता, फिनिशिंग एकदम मस्त. आजींनी कापड निवडून द्यावं, शिवायचं दुसऱ्याला द्यावं. ७४ व्या वर्षी जमिनीवर बसून पाठ मोडून घ्यायची काय गरज? सूनबाईंचं बरोबर आहे.

टाकेवाली_मृणाल

@प्रॅक्टिकल_पुणेकर, त्यांनी कापड, दोरा, धुणं एवढंच विचारलंय हो, शिवू का नको हे विचारलेलंच नाही. पाठीचा मुद्दा मात्र खरा. आजी, पदर जमिनीवर मांडून लांब लांब टाक्यांनी कच्चं टाचून घ्या, मधून बाहेर टाचत जायचं म्हणजे मध्ये झोळ राहत नाही. एकदा टाचलं की उठा आणि पुढचं सगळं खुर्चीवर बसून मांडीवर घेऊन शिवा. बाळाची तर केवढीशी असते.

हल्याळची_सुमा

मी उत्तर कन्नडची, माहेरी मराठी बोलतो पण गोधडीला कौदी म्हणतो. आमच्या हल्याळ येल्लापूर भागात सिद्दी बायका कौद्या शिवतात, बघण्यासारख्या असतात. हे लोक मूळ आफ्रिकेतले, पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्यांपैकी बरेच निसटून घाटावरच्या जंगलात आले असं सांगतात. त्या बायका एका कोपऱ्यापासून सुरू करून कडेकडेने गोल गोल आत शिवत जातात आणि जाता जाता रंगीत तुकडे जोडतात, आधी सगळं कापून मांडून ठेवत नाहीत. शेवटी चारही कोपऱ्यांना घडी घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात, त्यांना फुला म्हणतात, ते नसले तर कौदी अपुरी धरतात.

हे सांगायचं कारण, वरचा पदर एकसंध मिळालाच पाहिजे असा हट्ट धरला नाही तर कापड पुष्कळ आहे हो आजी. उश्यांचे जुने अभ्रे, सुती परकर, मुलांचे झिजलेले कॉटन शर्ट, सगळं चालतं. आणि एक सुचतंय, सगळं तुमच्याच ट्रंकेतून का काढताय? नातसून केरळची ना, तिच्या आईकडे जुनी मुंडं, म्हणजे तिकडची लुंगीसारखी नेसायची वस्त्रं, असणारच, तिकडे घरात नेसायला सुतीच वापरतात आणि धुऊन धुऊन इतकी मऊ होतात की काय सांगू. विहीणबाईंना मागा की.

वाईची_आजी

बापरे, किती जणांनी लिहिलंय, सगळ्यांना मनापासून आशीर्वाद. नातीकडून सगळं मोठ्याने वाचून घेतलं.

डॅलसकर, पाळण्यात ठेवायची नाही हे ऐकून आधी रागच आला बरं का. आम्ही तीन वाढवली, सात वाढवली, काय झालं, असं तोंडावर आलं होतं. मग नातीला फोन केला तर म्हणाली आजी मला दाईने तेच सांगितलंय, मी तुला कसं सांगू म्हणून गप्प होते. आता तिची खाली अंथरायच्या मापाची करते, चौकोनी, चार पदरी. तुमच्या बायकोने मशीनला मारलेली मिठी ऐकून सून सुद्धा हसली, आणि ती सहसा हसत नाही.

सुमाताई, तुमचं डोकं फार चाललं. मला कसं सुचलं नाही देव जाणे, आपलंच आपलंच करत बसले. नातसुनेला विचारलं, तिने लगेच आईला फोन लावला, आता विहीणबाईंना मराठी येत नाही आणि मला मल्याळम, दोघी हिंदीत काय बोललो ते आम्हालाच माहीत, पण त्या रडल्या एवढं कळलं. त्यांच्या सासूची चार मुंडं पार्सलने येतायत. पांढरी आहेत, सोनेरी काठाची. थोरल्या सुनेने स्वतःहून कपाट उपसलं आणि तिच्या आईची एक सुती साडी काढून दिली, निळी, चौकटीची. माझ्याकडे होती हे बोललीच नव्हती, म्हणाली तुम्ही माझ्या आईचं मागाल असं वाटलं नव्हतं.

पुणेकर, राग नाही. पाठ दुखते हे खरंच आहे. खुर्चीचं करून बघते.

आता एकच राहिलं. मुंडांचा तो सोनेरी काठ बाळाला टोचेल का? कापून टाकायला जीव होत नाही, विहीणबाईंनी इतक्या मायेने पाठवलाय.

टाकेवाली_मृणाल

टाकून देऊ नका आजी. जरीचा असेल तर टोचतो, आणि जुनी जर उसवली की तारा निघतात, बाळाच्या हातापायाला नकोच. काठ दोन बोटं कापड ठेवून वेगळा काढा आणि आत घाला, वरच्या पदराच्या खाली कडेने चारी बाजूंनी. मलमलीतून उन्हात धरलं की झळकतो, हाताला लागत नाही. टाके मात्र तांदळाएवढे घ्या आणि ओळी बोटाबोटाच्या अंतराने, लांब टाक्यात बाळाची बोटं अडकतात. गाठी पदरांच्या आत ओढून घ्या. टिकल्या मणी काही लावू नका.

आणि विहीणबाईंसाठी एखादा काठ राखून ठेवा, पुढेमागे त्यांचीही मागणी येणार बघा.

वाईची_आजी

मागणी आलीच आहे! नातसून म्हणाली अम्माला पण हवी, मोठी, अंगावर घ्यायची. आता परत कापडाचा प्रश्न. इचलकरंजीला कुणाची ओळख आहे का, सुती पातळं थोडी डागी निघालेली स्वस्तात मिळतात म्हणे?