घाटात काटा लालकडे: रेडिएटर चोक की वॉटर पंप गेला?

गाडी 796 सीसी, तीन सिलिंडर, कार्ब्युरेटरवाली; रेडिएटर तांब्या-पितळेचा, मूळचाच. गावात, सिग्नलला तापमानाचा काटा निम्म्यावर, पंखा वेळेवर लागतो. पण उन्हात खंबाटकी चढताना एसी बंद असूनही काटा लालकडे सरकतो. माथ्यावर आयडलिंगला ठेवली की उतरतो.

थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) नवा (82 अंशांचा, गरम पाण्यात उघडतो ते बघूनच बसवला), रेडिएटर कॅप 0.9 बारची नवी, कूलंट निम्मं डिस्टिल्ड वॉटर घालून भरलं, हवा काढली, जाळी धुतली, इग्निशन टायमिंग बरोबर आहे. कूलंट घटत नाही, बुडबुडे नाहीत, ऑइल स्वच्छ, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांमधलं सील) गेल्याचा संशय नाही. रेस केल्यावर रेडिएटरचा खालचा होज (रबरी नळी) चपटा होत नाही. एकच गोष्ट खटकते: इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचा मधला पट्टा कोमट, कडा मात्र चटका बसेल इतक्या गरम.

‘थर्मोस्टॅटच काढून टाका’ हा गॅरेजचा आवडता उपाय कृपया नको. पंपासाठी टायमिंग बेल्ट उतरवावा लागतो, म्हणून आधी खात्री हवी आहे. पट्टा कोमट म्हणजे नळ्याच चोक, की पंपाचा इंपेलर (कूलंट ढकलणारं पातं) झिजल्यावरही असं होतं? आणि नळ्याच असतील तर रेडिएटरची टाकी उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) पुरेल, की नवा कोअरच (नळ्या-जाळीचा मधला भाग) घालावा?